सावली ते डालेम

साल 1936, फेब्रुवारीचा शेवट. छोट्या रुळांच्या गाडीने तू मूलला उतरलीस आणि आता बंडीत बसून सावलीला निघाली आहेस. वय तुझं आजचंच, बावीस-तेवीस. काळ तेवढा मागे गेलाय. वाट ओळखीची आहे. याच वाटेने तुझी एसटी मूलहून व्याहाडकडे आणि पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जाते. आज मात्र गडचिरोली जिल्हा नाही, तो व्हायला 1982 उजाडावं लागेल. चंद्रपूरही नाही, चांदा आहे, आणि हा अख्खा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडतो. धान निघून गेलेल्या बांध्या उघड्या पडल्यात. धुऱ्याधुऱ्याने पळस फुललाय. बंडीवाला मागे न वळता विचारतो, "कोनाची पोरगी होस वं बाई?"

हा प्रश्न नीट ऐक. वही-पेन्सिल घेऊन माणसांना प्रश्न विचारायला तू निघालीस, आणि पहिला प्रश्न तुलाच विचारला गेला. उत्तर देऊन टाक: बापाचं नाव, गाव, आजोळ. त्याशिवाय इथे कुणी तुझ्याशी मोकळं बोलणार नाही, आणि बोलूही नये. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत क्षेत्रकार्य कसं करावं यावर पानंच्या पानं आहेत. त्यातलं निम्मं या एका प्रश्नात येऊन जातं.

सावलीत आज गर्दी आहे. गांधी सेवा संघाचं वार्षिक अधिवेशन भरतंय, 28 फेब्रुवारी ते 6 मार्च. किशोरलाल मश्रूवाला अध्यक्ष. रक्तदाबाच्या दुखण्यातून नुकते उठलेले गांधीजी स्वतः आलेत. एवढी मोठी माणसं या आडगावात येण्याचं कारण खादी. चरखा संघाचं इथे जोराचं काम चाललंय, आसपासच्या गावांतल्या बाया सूत कातून इथे आणतात. 'गांधीवाद' अशी काही चीज नाही, मला माझ्या मागे कुठलाही पंथ ठेवायचा नाही, असं गांधीजी याच अधिवेशनात सांगणार आहेत. ते बोलणं पुढे जगभर छापलं गेलं. सावलीचं नाव त्याच्याबरोबर क्वचितच गेलं.

तू मंडपात जाऊ नकोस. तिथलं सगळं लिहून घ्यायला माणसं बसली आहेत. तू सूत घेऊन आलेल्या बायांच्या ओळीत जाऊन बस. आदल्याच वर्षी, 1935 मध्ये, चरखा संघाने ठराव केलाय की कातणारीला बाजार देईल तेवढंच देऊन चालणार नाही, तिच्या कामाच्या तासांवरून, तिचं पोट भरेल अशा हिशेबाने मजुरी द्यायची. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, म्हणून संघातल्याच अनेकांना धास्ती आहे. हा वाद मंडपात चालेल. त्याचा खरा तपशील मात्र तुझ्या शेजारी उकिडवी बसली आहे. ती कधी कातते? धानाचा रोवणा आटोपल्यावर, का रात्री चूल विझल्यावर? मजुरी हातात पडली की ती कुणाच्या हातात जाते? कापूस कुठून येतो? विणकराच्या घरात ती जाऊ शकते का, आणि तो तिच्या हातचं पाणी पितो का? अधिवेशनाच्या इतिवृत्तात या बायांची नावं मिळणार नाहीत. हे शोधण्यासाठीच तर हे शास्त्र आहे, असं मी मानतो. पण ते सुरुवातीला यासाठी नव्हतं. ते कशासाठी होतं हे बघायला तुला आणखी आठ वर्षं मागे जावं लागेल, आणि समुद्र ओलांडावा लागेल.

1928. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग नऊ वर्षांचा झालाय. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने तो सुरू केला आणि आता केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे शिकून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये तो चालवतात. त्यांच्याकडे एक मुलगी एम. ए.चा प्रबंध पुरा करते आहे. विषय चित्पावन ब्राह्मण, म्हणजे तिची स्वतःची जात. हे मनात ठेव, शेवटी लागणार आहे. तिचं नाव इरावती. ब्रह्मदेशात जन्मली, तिथल्या नदीवरून नाव पडलं, पुण्याला हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकली. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्रज्ञ, जर्मनीत डॉक्टरेट केलेला. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे.

आता तिला बर्लिनला जायचंय. ज्यांनी विधवांना शिकवलं, 1916 साली बायकांचं विद्यापीठ उभं केलं, त्या सासऱ्यांना सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नाही. नवरा मात्र ठाम आहे: जा. पैसे नाहीत, तर जीवराज मेहता कर्ज देतात, तेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मोठ्या सुधारकाच्या घरातही मुलीला असं कर्ज काढून आणि नाराजी पत्करून बाहेर पडावं लागलं. तू परदेशी शिकायला जायचं म्हणतेस म्हणून सावलीत तुझ्या घरी तुझी माय गप्प बसली असेल, बाप 'एवढ्या दूर कायले?' म्हणाला असेल, तर त्यात तुझ्या घराचं मागासपण शोधू नकोस.

इरावती तेव्हा तुझ्याच वयाची आहे. तिच्याबरोबर बोटीवर चढ. एडन, सुवेझ, मग युरोपची आगगाडी आणि बर्लिन. वर्ष संपत आलंय. पुढच्या फेब्रुवारीत, 1929 मध्ये, युरोपभर असा हिवाळा पडणार आहे की म्हातारी माणसं त्याची आठवण काढत राहतील. सावलीच्या उन्हात वाढलेल्या तुझ्या अंगाला ही थंडी परकी आहे. श्वास बाहेर पडतो तो दिसतो. नाकातलं पाणी गोठतं. भाषा परकी, जेवण परकं, आणि ट्राममध्ये लोक तुझ्या नेसण्याकडे वळूनवळून बघतात. बघू दे. तुझ्याकडे असं बघितलं जाणं हाही अभ्यासाचा भाग आहे. उद्या भामरागडच्या एखाद्या पाड्यावर तू कॅमेरा घेऊन उतरशील तेव्हा समोरच्या बाईला काय वाटतं, ते तुला इथे फुकट शिकायला मिळतंय.

भुयारी रेल्वेने थीलप्लात्स स्टेशनवर उतर. हे डालेम, शहराच्या कडेचं झाडीचं, बंगल्यांचं उपनगर. कैसर विल्हेल्म सोसायटीच्या संशोधनसंस्था इथे शेजारीशेजारी आहेत. जवळच रसायनशास्त्राच्या संस्थेत ओटो हान आणि लीझे माइटनर काम करताहेत, आणि दहा वर्षांनी त्यांच्या कामातून अणू फुटल्याचं जगाला कळणार आहे. तुला जायचंय ते ईनेश्ट्रासे 22 मध्ये. संस्थेचं नाव मोठं आहे: मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र. उघडून एकच वर्ष झालंय. संचालक ऑयगेन फिशर.

आत ये. फळ्यांवर कवट्या मांडलेल्या आहेत.

इरावतीचा विषय आहे माणसाच्या कवटीची असमानता, म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी किती जुळत नाहीत. तिच्यासमोर 149 कवट्या आहेत. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. तू तिच्या शेजारी बसून काम कर. कवटी बैठकीवर घट्ट बसवायची. मधोमध रेषा ठरवायची. तिथून डाव्या कडेपर्यंत माप, उजव्या कडेपर्यंत माप. डोळ्याच्या खोबणीची रुंदी, कपाळाचा फुगवटा, कानामागचं हाड. आकडा मोठ्याने म्हणायचा, रकान्यात लिहायचा, परत मोजायचा. मग पुढची कवटी. बोटं गारठतात, पाठ धरते, संध्याकाळी डोळ्यांपुढे आकडे नाचतात. या कामात काहीही थरारक नाही. चिकाटी लागते आणि प्रामाणिक हात लागतो, बस.

एक कवटी हातात घे. तिच्यावर नंबर आहे, नाव नाही. ती पूर्व आफ्रिकेतून आलीय. त्या भूमीत 1905 ते 1907 या काळात जर्मन राजवटीविरुद्ध माजी माजीचा उठाव झाला आणि तो फार क्रूरपणे चिरडला गेला. हे माणूस कोण होतं, त्याला पुरलं होतं का, पुरलं असेल तर पुन्हा उकरलं कुणी? तुझ्या मुलखात माडिया लोक मेलेल्या माणसासाठी गावाबाहेर उभा दगड रोवतात. त्या दगडाला हात लावण्याआधी परक्या माणसाने दहा वेळा विचार करावा लागतो. इथे मेलेल्या माणसाचं डोकंच फळीवर आलंय, आणि खोलीतल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही. तुला वाटतंय. ते वाटणं बोथट होऊ देऊ नकोस, मापं घेतानाही.

आता प्रबंधामागचा प्रश्न समजून घे. फिशर हे नावाजलेलं नाव आहे. 1908 साली ते आजच्या नामिबियात रेहोबोथला गेले, बोअर बापांच्या आणि खोईखोई आयांच्या वंशजांची मापं घेतली, वंशावळी लिहिल्या आणि 1913 साली त्यावर ग्रंथ काढला. माणसांच्या वंशांत उच्च-नीच आहे आणि ते हाडांत दिसतं, हे त्यांच्या शास्त्राचं गृहीत. कवटीच्या दोन बाजूंतला फरकही वंशावर ठरतो, गोऱ्या युरोपीय माणसाच्या बुद्धीची खूण त्याच्या कवटीत सापडते, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीने मापं मांडली, बेरजा केल्या, गट करून ताडून पाहिले. फरक होता, सगळ्याच कवट्यांत थोडाफार होता. पण तो वंशावर ठरत नव्हता. गोरं-काळं यांची त्यात कुठेच रांग लागत नव्हती.

इथे थांब, कारण सगळ्या प्रवासातली ही जागा सर्वांत महत्त्वाची आहे. परका देश. कर्जाचे पैसे. घरी सासऱ्यांची नाराजी. पदवी ज्याच्या सहीवर मिळायची त्या माणसाचं मत तिला ठाऊक आहे. दोन-चार आकडे सोडून दिले असते, एखादा गट वेगळा पाडला असता, तर कुणाला कळलंही नसतं. तिने आकडे जसे आले तसे लिहिले. 1930 साली डॉक्टरेट घेऊन ती परत निघाली.

तू लगेच निघू नकोस. याच रस्त्यावर उभी राहा आणि वर्षं पुढे सरकू दे. 1933: हिटलर सत्तेवर, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू. 1937: ऱ्हाइन प्रदेशातल्या, आफ्रिकी वंशाचे सैनिक बाप असलेल्या मुलांची सक्तीने नसबंदी होते, आणि त्यासाठी कोण 'मिश्र' आहे याचे अभिप्राय द्यायला या संस्थेची माणसं बसतात. 1942: फिशर निवृत्त, त्यांच्या जागी फेर्शुअर. त्याचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्वित्झहून इथे माणसांचे अवयव पाठवतो. मग युद्ध संपतं, संस्था बंद होते, इमारत फ्री युनिव्हर्सिटीकडे येते, वर्गात मुलं राज्यशास्त्र शिकू लागतात. आणि 2014 साली जवळच बांधकामासाठी खोदताना हाडं निघतात. पुढच्या उत्खननांत हजारो तुकडे सापडले. मार्च 2023 मध्ये ते डालेमच्या दफनभूमीत मातीला दिले गेले. कुणाची हाडं, कुठल्या देशाची, याची छाननी करून त्यांना पुन्हा वंशांत वाटू नये, असं ठरवून.

मोजपट्टी निरुपद्रवी असते असं कुणी सांगितलं तर त्याला हा पत्ता दे.

इरावतीबाई परत आल्या, 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि 1970 साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांच्यामागून तूही गावोगाव हिंडू शकतेस: धर्मशाळा, शाळेची पडवी, कुणाच्या तरी ओसरीवर टाकलेली सतरंजी. बाई डोक्याची, नाकाची मापं घेतात, रक्ताचे नमुने घेतात. होय, तेच करतात. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, बर्लिनचं हत्यार मात्र सोबत आणलं आणि पुष्कळ वर्षं वापरलं. जातींची मुळं हाडा-रक्तात सापडतील ही आशा त्यांनी सहजी सोडली नाही. त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यांनी हे झाकू नये. आज त्या हजारो मापांना फारसं कुणी विचारत नाही.

मोलाचं ठरलं ते मोजपट्टी खाली ठेवून केलेलं काम. 1953 चं भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं पुस्तक घे. मामाला काय म्हणतात, नणंदेला काय, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी नाही, हे त्यांनी देशभरातून गोळा केलं आणि त्यातून उत्तर आणि दक्षिण कुठे वेगळी होते, महाराष्ट्र मध्ये कसा उभा आहे, ते दाखवलं. तुझ्या गावात हे तू रोज ऐकतेस. गोंडांत सोयरीक जमवताना आधी देव विचारतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे की सात देवे? दोघांचे देव सारखे निघाले तर दोन्ही घरं भाऊबंद, लग्न होणार नाही. मामाच्या घरातून आलेल्या मुलीची मुलगी पुढे त्याच घरी द्यायची, म्हणजे दूध परत केलं. ज्याने हे लहानपणी चुलीपाशी ऐकलंय त्याला बाहेरच्या संशोधकाच्या वर्षभराच्या कामाची पहिली पायरी आयती मिळालेली असते. दुसरी पायरी मात्र अवघड: इतकं ओळखीचं आहे त्याला प्रश्न विचारणं.

आणि बाईंचं शेवटच्या काळातलं एक काम, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोयनेच्या धरणाने उठवलेली माणसं कुठे गेली, कशी जगतात, याची पाहणी. मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केलेली, 1969 साली प्रसिद्ध झालेली. उभ्या महाराष्ट्राला ज्या धरणाचा अभिमान होता, त्याची किंमत कुणी भरली ते गावोगाव जाऊन विचारणारी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावं गेलेल्या तुझ्या मुलखात हे काम पाठ्यपुस्तकासारखं वाचलं जायला हवं.

त्यांच्याच पिढीत घुर्यांकडे शिकलेल्या दुर्गाबाई भागवतांचीही गाठ घे, उभ्याउभ्याच. मध्यप्रदेशच्या जंगलात आदिवासींमध्ये हिंडताना विषारी सुरण त्यांच्या पोटात गेला आणि पुढची कित्येक वर्षं अंथरुणात गेली. रानात जाताना तिथल्या बायका काय खातात, काय टाळतात, हे आधी विचार. हे अभ्यासासाठीही आणि जिवासाठीही.

आता दक्षिणेला चल. चांदा, बल्लारपूर, आणि वर्धा नदी ओलांडली की राजुरा. 1940 च्या सुमाराला राजुरा निजामाच्या राज्यात आहे, आदिलाबाद जिल्ह्यात. पुढे डोंगर लागतात. ऑक्टोबर 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमराम भीम पोलिसांच्या गोळीने मारला गेलाय. जंगलखात्याने आणि बाहेरून आलेल्या जमीनदार-सावकारांनी गोंडांच्या पायाखालची जमीन काढून घेतली, म्हणून तो उठला होता. गोळी घालून झाल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले का. त्याचं उत्तर शोधायला त्यांनी ज्याला पाठवलं तो माणूस मारलवाईत बसलाय. व्हिएन्नाचा ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ. जन्म 1909 चा, डॉक्टरेट 1931 ची, नागा डोंगरांत काम केलेला. 1939 मध्ये पुन्हा भारतात आला आणि युद्ध पेटलं. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे याच्या खिशात जर्मन पासपोर्ट. इंग्रजांच्या लेखी हा शत्रूचा नागरिक, म्हणून हैदराबाद संस्थानाबाहेर जायची बंदी. ज्या राजवटीपायी तो इथे अडकला, तिच्याच तैनातीत डालेमची ती संस्था होती.

मारलवाईत रात्र पडलीय. परधान किकरी घेऊन बसलाय, शेजारी पेपरा वाजतोय. तो आपल्या गोंड जजमानांच्या घराण्याची, देवांची कथा गातो, आणि पोरं, बाया, म्हातारे सगळे ऐकतात. हाइमेनडॉर्फ आणि त्यांची बायको बेटी शेजारीच राहतात, गवताच्या छपराच्या घरात. हे पाहुणे नाहीत, मुक्कामाला आहेत. तू वहीत कथा उतरवून घे, पण दिवसा काय चालतं तेही बघ. लोक येतात, आपल्या जमिनी कशा गेल्या ते सांगतात, आणि ते सगळं अहवालात जातं. त्या अहवालांमुळे पुढे हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. 1943 मध्ये मारलवाईतच गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. मुलांसाठी गोंडी वाचनमाला छापली गेली ती देवनागरीत, कारण त्या डोंगरात व्यवहाराची भाषा मराठी होती. बेटी 1987 साली गेल्या, त्यांची समाधी मारलवाईत आहे. मरणानंतर आपल्यात ठेवून घ्यावं असं ज्यांच्याबद्दल गावाला वाटलं, त्यांच्या क्षेत्रकार्याला आणखी कुणाचं प्रशस्तिपत्र लागत नाही.

तरीही एक फरक विसरू नकोस. मारलवाईत प्रश्न लोकांचे होते, पण लिहिणारा बाहेरचा होता आणि अहवाल दरबारात जात होता. हे उलटं झालेलं बघायचं असेल तर सावलीहून वैनगंगा ओलांड, गडचिरोली मागे टाक आणि धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा गावात उतर. 1980 च्या दशकात इचमपल्लीच्या धरणाविरुद्ध इथले आदिवासी उठले, त्यात या गावचे देवाजी तोफा होते. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने मग गावात अभ्यासगट सुरू झाले. गावकरी बसतात, कायदा वाचतात, जंगलात काय किती आहे ते स्वतः मोजतात, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाहीत. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. 27 एप्रिल 2011 ला केंद्रातले मंत्री जयराम रमेश इथे आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. त्या दिवशी गर्दीत उभी राहा. इथे मोजपट्टी गावाच्या हातात आहे. मिलिंद बोकील यांनी या गावावर लिहिलेलं पुस्तक सोबत ठेव. परदेशी विद्यापीठात पहिल्या महिन्यात तुला वाचनाची भलीमोठी यादी मिळेल, त्यात ते नसेल. तू त्यांना ते सांग.

आता आजच्या सावलीत, तुझ्या टेबलापाशी. समोर परदेशी विद्यापीठाचा अर्ज उघडा आहे, विषय मानववंशशास्त्र. मी तुला दोनच गोष्टी सांगेन. एक, अभ्यासाला निघताना फक्त आपल्या माणसांचा विषय घेऊ नकोस. बर्लिनलाही क्षेत्र समज. तिथल्या संग्रहालयांत, विद्यापीठांच्या तळघरांत अजून कुणाकुणाची डोकी नंबर घालून ठेवली आहेत, त्यांच्या परतीसाठी टांझानिया आणि नामिबियातली माणसं झगडताहेत. ज्यांनी जगाची मापं घेतली त्यांच्या कचेऱ्यांत बसून त्यांच्या वह्या वाचणं हेही क्षेत्रकार्यच, आणि सावलीची पोर ते करू शकते. दुसरी गोष्ट, परत येऊन ज्यांनी तुला सांगितलं त्यांच्यापुढे तुझं लिखाण मराठीत, जमलं तर गोंडीत, मोठ्याने वाच. त्यांनी 'हे असं नाही' म्हटलं तर ते दुरुस्त कर. ग्रामसभेसमोर वाचता येत नाही असा प्रबंध अपुराच आहे.

आणि पैसा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विभागाची वेगळी आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. पण या शेवटच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत 2022 साली एक अट घातली गेली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेता येणार नाहीत. म्हणजे सावलीच्या शेतमजुराच्या मुलीने परदेशात जाऊन आपल्या गावावर प्रबंध लिहायचा म्हटला, तर या पैशावर लिहायचा नाही. 1928 साली मुंबईत एका चित्पावन मुलीने चित्पावनांवर लिहिलं आणि तिथून महाराष्ट्राच्या मानववंशशास्त्राची वाट सुरू झाली. तोच अधिकार आज कातणारीच्या, विणकराच्या, रोवण्याला जाणारीच्या नातीला नाकारणं अन्यायाचं आहे. ही अट काढून टाकायला हवी. सावलीच्या, मूलच्या, गडचिरोलीच्या लोकप्रतिनिधींनी ते दिल्लीत मागायला हवं, आणि ते मागत नसतील तर त्यांना तसं पत्र तुम्ही, हे वाचणाऱ्यांनी, लिहायला हवं.